ऑर्गन आणि टाळ

आपल्या शहराच्या छावणींत हैदराबाद कॉन्टिन्जंटचे इंग्रज अधिकारी राहत, तेव्हां त्यांची उपासना त्यांच्याच सुरांत चालावी हें स्वाभाविक होतें. पण मराठी ख्रिस्ती मंडळ्यांनीं काय गावें?

पहिलें उत्तर सोपें होतें: इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवावे. त्यांत भाषेची जी ओढाताण होई ती कानाला बोचल्यावांचून राहत नसे. इंग्रजी चालीचा भर आघातावर. मराठी पद्याचा तोल अक्षरसंख्येवर किंवा मात्रांवर. चालीचा ठेहराव नेमका ऱ्हस्व अक्षरावर आला, कीं ‘कृपा’ शब्दांतला ‘कृ’ बिचारा ताणला जाई! अर्थ कळे, पण हृदय हलत नसे.

इंग्लंडांत हें काम कॅथीड्रलच्या ऑर्गनवादकाचें. वादन, गायकांची तालीम आणि नव्या रचना हीं तिन्ही एकाच पगारी माणसाकडे असत. सॅम्युअल सेबॅस्टियन वेस्ली (1810–1876) हा त्यांतला नामांकित. हेरफर्ड, एक्झेटर, विंचेस्टर, ग्लॉस्टर अशा ठिकाणीं त्यानें सेवा केली, आणि 1849 मध्यें पुस्तिका लिहून अपुऱ्या गायकवृंदाबद्दल धर्माधिकाऱ्यांना चांगलेंच खडसावलें. आमच्याकडे अशी जागाच कोणीं निर्माण केली नव्हती.

तरी काम झालें. अहमदनगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं हरिदासांचें कीर्तन उचलून त्यांत ख्रिस्तचरित्र गाइलें. पुढें रे. नारायण वामन टिळक आले. कोंकणांत करजगांवीं 1861 सालीं जन्म, 1895 त मुंबईस बाप्तिस्मा, मग अहमदनगरास मिशनची सेवा. तुकारामाच्याच वाटेनें आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों, असें ते सांगत. त्यामुळें अभंग त्यांना उसना आणावा लागला नाहीं. ‘उपासना-संगीत’ या संग्रहांत त्यांचीं अडीचशेंहून अधिक पदें आहेत. त्यांना ऑर्गनवादक म्हणणें हास्यास्पद होईल, हें मीहि जाणतों. पण मंडळीच्या तोंडीं तिचें स्वतःचें गाणें देणें हाच त्या पदाचा गाभा असेल, तर मराठींत त्या पदावर दुसरा कोण बसवावा?

वेस्लीचें भांडण साधनांसाठीं होतें. टिळकांनीं 1917 मध्यें मिशनचें वेतनच सोडलें आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. दोन वर्षांनीं, 9 मे 1919 रोजीं, ते मुंबईस वारले. ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें होतें. त्याचे पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंनीं रचले.