अकरा अंगठ्या, दहा बोटं

बास्केटबॉल म्हटलं की आपल्या पिढीला पहिलं नाव सुचतं ते मायकेल जॉर्डनचं. एनबीएची सहा विजेतेपदं, म्हणजे खूपच झाली. आता हे बघा: बिल रसेल, बोस्टन सेल्टिक्स, १३ सीझन, ११ विजेतेपदं. प्रत्येक विजेतेपदाची एक अंगठी मिळते आणि बोटं तर दहाच!

पण या माणसाचे आकडे काढून बघितले की गोंधळायला होतं. कारकिर्दीची सरासरी, सामन्याला फक्त १५.१ पॉइंट्स. त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी विल्ट चेंबरलेन. त्यानं १९६१-६२ च्या सीझनमध्ये सरासरी ५०.४ पॉइंट्स काढले. २ मार्च १९६२ ला तर एका सामन्यात चक्क १००! आणि त्या वर्षीचा एमव्हीपी कोण? रसेल. त्या काळात एमव्हीपी खेळाडूंच्या मतांवर ठरायचा. म्हणजे समोर उभं राहून जे खेळले, त्यांनीच ठरवलं होतं की खरा त्रास कोणाचा होतो ते.

रसेल करायचा काय? तो समोरच्याला बास्केट करू द्यायचा नाही. तोपर्यंत डिफेन्स म्हणजे पाय जमिनीवर रोवून उभं राहणं, असं कोच मंडळींचं ठाम मत होतं. रसेल उडी मारून शॉट हवेतच अडवायचा. त्यातही बॉल प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घ्यायच्या नाहीत, तर हलकेच आपल्याच खेळाडूकडे ढकलायचा. तिथून सेल्टिक्स सुसाट पळत सुटायचे आणि पलीकडे दोन पॉइंट्स. ते पॉइंट्स अर्थातच दुसऱ्याच्या नावावर. सामन्याला २२.५ रीबाउंड्सची नोंद तरी आहे, पण 'ब्लॉक'ची अधिकृत मोजणी एनबीएनं सुरू केली १९७३-७४ मध्ये. रसेल निवृत्त झाला १९६९ मध्ये! पॉइंटला उभ्या असलेल्या फिल्डरनं अडवलेले रन्स स्कोअरकार्डात कुठे असतात? तसंच हे. आणि त्याच्या धाकानं घेतलेच न गेलेले शॉट्स तर कुठलाच डेटाबेस मोजू शकत नाही.

हा झाला खेळ. आता माणूस.

जन्म १९३४ चा, लुइझियाना राज्यातल्या मन्रो गावी. काळ्यांनी कुठे बसायचं, कुठे पाणी प्यायचं हे कायद्यानं ठरवून दिलेला तो प्रदेश. तिथून घरचे कॅलिफोर्नियात ओकलंडला आले. बारा वर्षांचा असताना आई गेली. कॉलेजात १९५५ आणि १९५६ अशी सलग दोन राष्ट्रीय विजेतेपदं, मेलबर्न ऑलिंपिकचं सुवर्णपदक आणि मग बोस्टन. मैदानात टाळ्या, आणि मैदानाबाहेर? रेडिंग नावाच्या बोस्टनजवळच्या गावात तो राहायचा. तिथे लोकांनी त्याचं घर फोडलं, भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या लिहिल्या, अंथरुणात घाण करून ठेवली. हे दक्षिणेत नाही हं, पुरोगामी म्हणवणाऱ्या मॅसॅच्युसेट्समध्ये!

रसेल गप्प बसणाऱ्यातला नव्हता. १९६१ मध्ये केंटकीतल्या लेक्झिंग्टनला एका हॉटेलातल्या कॉफी शॉपमध्ये संघातल्या काळ्या खेळाडूंना खायला नाकारलं, तेव्हा तो आणि बाकीचे काळे खेळाडू सामना न खेळता सरळ परत निघाले. १९६३ मध्ये मिसिसिपीत मेडगर एव्हर्स या नेत्याचा खून झाला. त्यानंतर रसेल तिथल्या जॅक्सन शहरात गेला आणि काळ्या-गोऱ्या मुलांचं एकत्र बास्केटबॉल शिबिर घेतलं. अशा वातावरणात हे करायला काय छाती लागत असेल!

१९६६ मध्ये तो एनबीएचा पहिला काळा मुख्य कोच झाला, तेही खेळत असतानाच. १९६७ मध्ये चेंबरलेनच्या फिलाडेल्फियानं हरवलं, पण १९६८ आणि १९६९ ची विजेतेपदं त्यानं दोन्ही टोप्या घालून जिंकली. १९६९ च्या शेवटच्या सामन्यात लॉस एंजेलिस लेकर्सनी विजयोत्सवासाठी छताला फुगे बांधून ठेवले होते. सेल्टिक्स जिंकले १०८-१०६. फुगे वरच राहिले.

१९७२ मध्ये त्याचा ६ नंबर सन्मानानं निवृत्त करायचं ठरलं. त्याची अट होती, प्रेक्षक नकोत. मग प्रेक्षकांना आत सोडायच्या आधी, रिकाम्या बोस्टन गार्डनमध्ये, मोजक्या सहकाऱ्यांसमोर तो नंबर वर चढला. अनेकांना तो माजोरडा वाटला. मला नाही वाटत. टाळ्या खेळाडूला आणि घाण माणसाच्या अंथरुणात, असा हिशोब त्याला मान्यच नव्हता. खेळलो ते सेल्टिक्ससाठी, गावासाठी नाही, अशी त्याची सरळ भूमिका.

बोस्टनला शहाणपण यायला वेळ लागला. २०११ मध्ये ओबामांनी त्याला राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक दिलं, २०१३ मध्ये बोस्टनच्या सिटी हॉलसमोर पुतळा उभा राहिला. ३१ जुलै २०२२ ला तो गेला, आणि एनबीएनं ६ नंबर सगळ्याच संघांसाठी निवृत्त केला. असा मान एनबीएत त्याच्याआधी कोणालाच मिळाला नव्हता.

आपल्या धंद्यात जे मोजता येतं तेच काम, असं मानायची सवय लागते. किती टिकेट्स बंद केली, किती कोड लिहिला. जे बिघडूच दिलं नाही त्याला रकाना नसतो. रसेलच्या सर्वात मोठ्या कामालाही नव्हता. तरी अकरा अंगठ्या आहेतच!