पेशींच्या मोजणीचे खाणीतले कूळ

सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रातील शेकडो पेशींचे क्षेत्रफळ संगणक क्षणात काढून देतो. हे जीवशास्त्राचे आणि संगणकाचे अपत्य असावे, असे सहज वाटते. पण त्याचे कूळ शोधत गेल्यास आपण दगडांपाशी पोहोचतो. खडकाच्या कापावर खनिजाने जितका भाग व्यापला असेल, सरासरीने तितकाच भाग त्याने खडकाच्या आकारमानातही व्यापलेला असतो, हे फ्रेंच भूवैज्ञानिक देलेस याने १८४७ साली मांडले. घासलेल्या पृष्ठभागावर तेलकट कागद ठेवून तो खनिजांच्या कडा गिरवी, आकृत्या कथिलाच्या वर्खावर उतरवून कापी आणि तुकडे चक्क तराजूत तोली. पुढे भूवैज्ञानिक रोझिवालने १८९८ मध्ये क्षेत्रफळाऐवजी कापावर ओढलेल्या रेषांची खनिजावरील लांबी मोजून भागवले, तर ग्लागोलेवने १९३३ मध्ये खनिजावर पडणारे नुसते बिंदू मोजून. मोजणाऱ्याच्या अंदाजाला वावच उरू नये, अशी ठरीव कृती बसवणे हे माझ्या मते स्वयंचलनाचे पहिले पाऊल. यंत्र नंतर आले. बिंदूंची हीच युक्ती चॉक्लीने १९४३ मध्ये पेशींना लावली.

यावर कोणी म्हणेल, यंग आणि रॉबर्ट्स यांनी १९५१ मध्ये प्रकाशबिंदू फिरवून नमुना टिपणारा सूक्ष्मदर्शक मांडला. अमेरिकेत त्याच दशकात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पेशी तपासणारे सायटोअ‍ॅनलायझर यंत्र बनले. मग जीवशास्त्राची वाट वेगळीच नव्हे का? वाट होती, पण ती अडली. उजेड-अंधार यंत्राला कळे. एकमेकींवर चढलेल्या पेशी मात्र सुट्या करता येईनात. खोट्या इशाऱ्यांपायी सायटोअ‍ॅनलायझर मागे पडले. चिकटलेले आकार वेगळे करण्याची नामी रीत पुन्हा खनिजवाल्यांकडूनच आली. माथेरॉन आणि सेरा यांनी १९६४ च्या सुमारास फ्रान्समधल्या लोहखनिजाच्या अभ्यासातून आकारांचे गणित उभे केले. त्याच परंपरेत १९७९ मध्ये पाणलोटाची रीत आली: चित्र हा उंचसखल भूभाग मानून त्यात पाणी भरायचे आणि दोन खोऱ्यांचे पाणी भेटेल तिथे बांध घालायचा. चिकटलेल्या पेशी फोडायला ‘इमेजजे’ या मोफत प्रणालीत आजही पाणलोटच वापरतात.

२०१५ च्या ‘यू-नेट’ या न्यूरल नेटवर्कपासून यंत्र कडा स्वतः शिकते, मग जुन्या कुळाचे काय, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण ते शिकते माणसांनी हाताने गिरवलेल्या कडांवरून. दोन तज्ज्ञांच्या रेघा जुळत नसतील, तर यंत्राजवळ तिसरे सत्य नसते. म्हणून पेशींच्या मापांचा शोधनिबंध हाती आला, तर शिकवणीच्या कडा कोणी आणि कोणत्या नमुन्यांवर गिरवल्या, हे आधी पाहावे.