घोड्याचे दात आणि घड्याळाचा काटा

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजार सुरू होतो. मारवाडी, काठेवाडी जनावरे येतात. जाणता खरेदीदार रंगाला आणि साजाला भुलत नाही. तो घोड्याचा ओठ उचलून दात पाहतो, भोवरे पाहतो, मग त्याला चालवून, पळवून बघतो. खऱ्याखोट्याची हीच रीत मनगटी घड्याळालाही लागू पडते. गंमत अशी की, ज्या क्रोनोग्राफच्या नकला आज रस्तोरस्ती दिसतात, त्याचे नाते घोड्यांशीच आहे.

क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखवता दाखवता मधला काळही मोजणारे घड्याळ. कळ दाबली की काटा धावतो, पुन्हा दाबली की थांबतो, दुसऱ्या कळीने शून्यावर येतो. १८२१ साली पॅरिसच्या शाँ-द-मार्स मैदानावर घोड्यांच्या शर्यती झाल्या. तेथे निकोला रियुसेक या घड्याळजीने आपले यंत्र लावले. घोडा रेषा ओलांडताच चालवणारा कळ दाबी आणि तबकडीवर शाईचा ठिपका उमटे. क्रोनोस म्हणजे काळ आणि ग्राफ म्हणजे लिहिणे. काळ लिहिणारे यंत्र, म्हणून क्रोनोग्राफ. लुई म्वाने याने १८१६ मध्येच ताऱ्यांच्या वेधासाठी असे यंत्र केले होते, ही गोष्ट मात्र २०१३ मध्ये उजेडात आली.

नकलेचा इतिहासही तितकाच जुना. अठराव्या शतकात लंडनच्या घड्याळांना मान होता, तेव्हा युरोपात इतरत्र बनलेल्या घड्याळांवर लंडनच्या कारागिरांची नावे कोरली जात. पॅरिसचा विख्यात घड्याळजी ब्रेगे आपल्या नकलांनी इतका त्रासला की, १७९५ च्या सुमारास त्याने तबकडीवर बाराच्या आकड्याजवळ एक गुप्त सही कोरण्यास सुरुवात केली. ती तिरक्या प्रकाशातच दिसे. अस्सलाला स्वतःचे अस्सलपण असे लपवून सिद्ध करावे लागले!

आता अस्सल आणि नक्कल शेजारी ठेवून पाहू. दुरून दोन्ही सारखीच. पण स्वस्त नकलेतल्या तीन छोट्या तबकड्या पुष्कळदा नुसत्या शोभेच्या असतात. त्यांतले काटे छापलेले असतात, किंवा वार-तारीख दाखवतात. कळी दाबून काही मोजले जात नाही. चावीवर चालणाऱ्या अस्सल यंत्रात कळ दाबताच बोटाला ठाम खटका जाणवतो. तासाला २८,८०० ठोके देणाऱ्या यंत्राचा काटा सेकंदाला आठ बारीक पावले टाकतो, म्हणून तो सरकल्यासारखा दिसतो. सेलवर चालणाऱ्या नकलेचा काटा बहुधा सेकंदाला एकच उडी घेतो. अर्थात सेलवरची अस्सल घड्याळेही असतात. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये. काटे थांबवून शून्यावर आणावेत आणि ते नेमके जागेवर बसतात का ते पाहावे. महागड्या नकला या परीक्षाही पार करतात. तेथे मागचे झाकण उघडणारा जाणता कारागीरच हवा.

आपल्याकडचा मासला पाहायचा तर मुंबईला जावे लागेल. वेस्ट एंड वॉच कंपनी या स्विस पेढीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईत घड्याळे विकली. तिच्या एका घड्याळाचे नावच ‘सोवार’, म्हणजे आपला घोडेस्वार! अशी जुनी घड्याळे पुढे मोडकळीस आली. मग कोणी त्यांच्या तबकड्या भडक रंगांत नव्याने रंगवल्या, निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र जुळवले आणि ती जुनी म्हणून विकली. जगभरचे संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणू लागले. यात प्रामाणिक दुरुस्ती करणारेही नाहक बदनाम झाले. खोट्या मालाची किंमत अशी गावाच्या नावाला मोजावी लागते.

मग दुसऱ्याचे पाहून करणे वाईटच का? तसे नाही. १९६१ मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून बंगळुरात घड्याळे बनवायला सुरुवात केली. विद्या परक्याची, पण तबकडीवर नाव स्वतःचे. तो कारखाना आज बंद आहे, तरी त्या घड्याळांना अजून मान आहे. चीननेही १९६० च्या दशकाच्या आरंभी स्वित्झर्लंडच्या व्हीनस कारखान्याची क्रोनोग्राफ बनवण्याची सामग्री रीतसर विकत घेऊन वैमानिकांसाठी घड्याळे केली. ती यंत्रे उसनी होती, खोटी नव्हती. खोटेपणा चाकांत नसतो, तबकडीवरच्या नावात असतो. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानेही दुसऱ्याचे नाव लावून माल विकणे हा गुन्हाच मानला आहे.

पहिला गिऱ्हाईक पुष्कळदा जाणूनबुजून नक्कल घेतो. हौस भागते, पैसे वाचतात. फसतो तो पुढचा. अडीअडचणीला तेच घड्याळ कोणी गहाण ठेवून घेतो, कोणी जुन्या बाजारात अस्सल समजून घेतो, कोणी वडिलांची आठवण म्हणून जपतो आणि दुरुस्तीला नेल्यावर सत्य कळते. घोड्याचे वय लपवण्यासाठी दातांवर खोट्या खुणा कोरण्याची लबाडी जगभरच्या बाजारांना ठाऊक आहे. तिच्यावर उपाय एकच निघाला: घाई न करता पाहणे आणि जाणत्याला सोबत नेणे. घड्याळ घेतानाही साज नंतर पाहावा, आधी चाल पाहावी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)