सुईची आग : संधिवाताच्या इंजेक्शनाचा एक दुर्लक्षित इतिहास

औषधांच्या इतिहासात बहुतेक वेळा आपण एकच गोष्ट ऐकतो : औषध कोणी शोधलं, कधी शोधलं, त्याने किती जणांचे प्राण वाचले. आज आपण जरा खालच्या पायरीवर उतरणार आहोत. औषध सापडलं, गुणही आला, पण ते अंगात घेताना जी आग होते, त्या आगीचं काय? ती कमी करायला कोणी काय केलं, आणि इतका वेळ का लागला? उदाहरण म्हणून आपण ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात त्या आजाराची, रुग्णाने घरी स्वतःच टोचून घ्यायची औषधं घेऊ.

सुरुवात एका विरोधाभासापासून करू. त्वचेखाली औषध सोडण्याची कल्पना मुळात दुखणं थांबवण्यासाठीच निघाली. डब्लिनच्या फ्रान्सिस रिंड यांनी १८४४ मध्ये चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या वेदनेने हैराण झालेल्या एका बाईला त्वचेखाली औषध दिलं. पुढे १८५३ मध्ये एडिंबरोच्या अलेक्झांडर वूड यांनी सिरिंज आणि पोकळ सुई वापरून दुखऱ्या नसेजवळ मॉर्फिन सोडलं. म्हणजे सुई आली ती वेदनेची वैरीण म्हणून. नंतरच्या पावणेदोनशे वर्षांत तीच सुई वेदनेचं दुसरं नाव झाली. आपल्याकडच्या लहान मुलांना विचारा, डॉक्टर म्हटलं की पहिली सुईच आठवते.

आता संधिवाताकडे वळू. या आजारावर इंजेक्शनं फार पूर्वीपासून दिली जात. फ्रान्सच्या झाक फोरेस्तिए यांनी १९२९ मध्ये सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं प्रसिद्ध केली. त्यांची अटकळ अशी होती की संधिवात हा क्षयासारखाच जंतूंमुळे होतो, आणि रॉबर्ट कॉख यांनी सोन्याचं एक संयुग काचेच्या नळीत क्षयाचे जंतू रोखतं हे दाखवलेलं होतं. अटकळ चुकली, पण काही रुग्णांना गुण मात्र आला. त्यानंतर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी कॉर्टिझोनचं इंजेक्शन दिलं आणि अंथरुणाला खिळलेली रुग्ण काही दिवसांत चालू लागली. हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना त्यासाठी १९५० चं नोबेल मिळालं.

या सगळ्या इंजेक्शनांत एक गोष्ट समान होती. ती दवाखान्यात, दुसऱ्याच्या हाताने आणि बहुधा स्नायूत दिली जात. रुग्णाचं काम फक्त बाही वर करायचं आणि तोंड दुसरीकडे वळवायचं. स्वतःला टोचून घ्यायची सवय जगाला लावली ती मधुमेहाने. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या मुलाला इन्सुलिन दिलं गेलं, आणि काही वर्षांत घराघरांत माणसं रोज स्वतःला सुई टोचू लागली. संधिवाताला ही पाळी यायला आणखी पाऊणशे वर्षं लागली.

मधल्या काळात एक महत्त्वाचं औषध आलं, मेथोट्रेक्सेट. त्याच्यामागे एक भारतीय नाव आहे. आंध्रातून अमेरिकेला गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव लेडर्ले कंपनीत संशोधनाचे प्रमुख होते. फॉलिक आम्लाला विरोध करणारी अमिनोप्टेरिन आणि मेथोट्रेक्सेट ही औषधं त्यांच्या चमूने तयार केली. ती होती कर्करोगासाठी. पण १९५१ मध्ये गुबनर यांनी अमिनोप्टेरिन संधिवाताच्या रुग्णांवर वापरून पाहिलं, आणि तरीही मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत संधिवातासाठी अधिकृत मान्यता मिळायला १९८८ उजाडलं. गोळी पोटाला सोसत नसेल तर ते त्वचेखालीही घेता येतं. अजूनही आमवाताचा उपचार बहुतेक वेळा याच औषधाने सुरू होतो.

खरी क्रांती झाली ती १९९० च्या दशकात. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी (हे मूळचे लुधियानाचे) यांनी दाखवलं की सुजलेल्या सांध्यात टीएनएफ नावाचं प्रथिन आगीत तेल ओतत असतं. ते अडवलं तर सूज उतरते. हे अडवणारी औषधं स्वतःच प्रथिनं आहेत. आता प्रथिन म्हटलं की गोळी करता येत नाही, कारण पोटात गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखं ते पचून जातं. म्हणून सुई आलीच. १९९८ मध्ये इटानरसेप्ट आलं, आणि २००२ च्या अखेरच्या दिवशी अमेरिकेत अदालिमुमॅबला मान्यता मिळाली.

इथे जरा थांबून रुग्णाचं चित्र डोळ्यांसमोर आणू. इटानरसेप्ट सुरुवातीला भुकटीच्या रूपात यायचं, आठवड्यातून दोनदा. बाटलीत पाणी सोडायचं, न हलवता अलगद फिरवून विरघळवायचं, सिरिंजमध्ये ओढायचं आणि टोचायचं. आणि हे सगळं कोणी करायचं, तर ज्याची बोटं सकाळी वळत नाहीत, ज्याला बरणीचं झाकण उघडत नाही, त्याने! औषध बनवणाऱ्यांनी आजाराचा विचार केला होता, आजारी हातांचा नाही. आधीच भरलेली सिरिंज २००४ मध्ये आली, आणि मांडीवर दाबलं की आपोआप टोचणारं पेन २००६ मध्ये. ही पेनाची कल्पना सैन्यातून आलेली. विषारी वायूचा हल्ला झाला तर शिपायाने कपड्यांवरूनच स्वतःला उतारा टोचावा म्हणून ती तयार झाली होती.

हातांचा विचार करणारी आणखी एक गोष्ट थेट स्वयंपाकघरातून आली. सॅम फार्बर या उद्योजकाच्या पत्नीला, बेट्सी यांना, हातांचा संधिवात होता आणि भाज्या सोलायचं सोलाणं धरवत नव्हतं. त्यातून १९९० मध्ये जाड, रबरी मुठीच्या भांड्यांची ऑक्सो ही मालिका निघाली. २००९ मध्ये सर्टोलिझुमॅब हे संधिवाताचं औषध आलं तेव्हा त्याच्या सिरिंजची मूठ याच ऑक्सोच्या मदतीने घडवलेली होती. सोलाण्यापासून सिरिंजपर्यंत वीस वर्षं लागली.

पण पकड सोपी झाली म्हणून आग कमी होत नाही. ही आग येते कुठून? चार ठिकाणांहून. एक, सुई. दोन, त्वचेखाली किती द्रव शिरतो ते. तीन, तो द्रव किती थंड आहे ते. आणि चार, त्या द्रवात औषधाखेरीज काय काय मिसळलंय ते.

सुई बारीक करणं सोपं वाटतं. जपानमध्ये मासायुकी ओकानो यांच्या छोट्या कारखान्याने पोलादाचा पत्रा गुंडाळून टोकाकडे निमुळती होत जाणारी सुई बनवली, आणि २००५ मध्ये ती इन्सुलिनसाठी बाजारात आली. टोकाची जाडी ०.२ मिलिमीटर. मग संधिवाताला तीच का नाही वापरली? याचं उत्तर १८४० च्या दशकातल्या एका फ्रेंच डॉक्टरकडे आहे. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसं वाहतं हे शोधताना प्वाझय यांना एक नियम सापडला : नळीचा व्यास निम्मा केला, तर तेवढाच प्रवाह ठेवायला सोळापट दाब लागतो. इन्सुलिन पाण्यासारखं पातळ असतं. अँटिबॉडीचं दाट द्रावण मात्र पाकासारखं घट्ट होत जातं. म्हणजे सुई बारीक करायची तर दाब वाढणार, आणि दाब द्यायचा तो त्याच सुजलेल्या अंगठ्याने. एकीकडून ओढलं की दुसरीकडून सुटतं, असा हा प्रकार.

आता चौथं कारण, जे आपल्या आजच्या विषयाचं मर्म आहे. औषधाचा सामू, म्हणजे आम्लता, स्थिर राहावा म्हणून त्यात बफर घालतात. अदालिमुमॅबच्या मूळ द्रावणात सायट्रेट होतं, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार. सायट्रेटमुळे त्वचेखाली आग होते हे कोणाला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांना एरिथ्रोपोएटिन हे रक्तवाढीचं औषध देताना एका प्रकारच्या इंजेक्शनाने फार दुखतं, हे नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मोजलं. औषधातले घटक वेगवेगळे करून पाहिले, आणि गुन्हेगार सापडला तो सायट्रेट. म्हणजे अदालिमुमॅब बाजारात येण्याआधी दहा वर्षं.

मग तरीही ते का घातलं गेलं? याचं उत्तर एका खलनायकात शोधू नये. सायट्रेट जुनं, परिचित, प्रथिनाला टिकवून धरणारं. शिवाय औषधाच्या चाचणीत काय मोजतात ते पाहा : किती सांधे सुजले, किती दुखतात, हाडांची झीज किती थांबली. टोचतानाची आग नोंदली जायची ती दुष्परिणामांच्या यादीत, लालसरपणा आणि खाज यांच्या शेजारी. ॲनाकिन्रा हे संधिवाताचं रोज टोचायचं औषध २००१ मध्ये आलं. त्याच्या चाचण्यांत सुमारे ७० टक्के रुग्णांना टोचल्या जागी त्रास झाला. नोंद झाली, मान्यता मिळाली, गाडी पुढे गेली. जे मोजलं जातं तेच सुधारतं, हा इथला धडा.

गंमत म्हणजे वेदना मोजायची पट्टी संधिवातवाल्यांनीच रुळवली होती. लंडनचे संधिवाततज्ज्ञ हस्किसन यांनी १९७४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की रुग्णाला दहा सेंटिमीटरची रेघ द्या, एका टोकाला 'अजिबात दुखत नाही', दुसऱ्या टोकाला 'असह्य', आणि त्याला खूण करू द्या. ही रेघ सांध्यांसाठी चाळीस वर्षं वापरली गेली. ती अखेर सुईच्या जागेवर लावली, तेव्हा काय दिसलं?

अदालिमुमॅबचं नवं द्रावण तयार झालं. औषध तेच, ४० मिलिग्रॅम. पण ०.८ मिलिलिटरऐवजी ०.४ मिलिलिटरमध्ये. सायट्रेट काढलं, फॉस्फेट काढलं, मीठही काढलं. उरलं काय, तर औषध, मॅनिटॉल, थोडं पॉलिसॉर्बेट आणि पाणी. प्रथिन इतकं दाट झालं की ते स्वतःच स्वतःचा सामू सांभाळू लागलं, वेगळ्या बफरची गरजच उरली नाही. सुईही २७ ऐवजी २९ गेजची, म्हणजे अधिक बारीक, देता आली. दोन्ही द्रावणं रुग्णांना देऊन पाहिली. टोचल्याबरोबर दहाच्या रेघेवर जुन्याची सरासरी खूण ३.७ वर होती, नव्याची १.२ वर.

युरोपात आणि अमेरिकेत या नव्या द्रावणाला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. पण अमेरिकेतल्या रुग्णांच्या हाती ते पडलं २०१८ मध्ये. त्याच सुमाराला, ऑक्टोबर २०१८ मध्ये, युरोपात इतर कंपन्यांची अदालिमुमॅबं बाजारात उतरली. अमेरिकेत शंभराहून अधिक पेटंटांच्या कुंपणामुळे ती जानेवारी २०२३ पर्यंत येऊ शकली नाहीत. २०२१ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या एका समितीने या औषधाच्या किमती आणि पेटंटांबद्दल कंपनीच्या प्रमुखांना समोर बसवून प्रश्न विचारले. कंपनीच्या मनात काय होतं हे आपण ठरवायला नको, तारखा एकापुढे एक ठेवल्या तरी पुरे. रुग्णाची आग कमी करणारी सुधारणा ही बाजारपेठेतली चालही असू शकते, आणि तरीही ती रुग्णासाठी खरी सुधारणा असते. इतिहासात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

भारतापुरतं बोलायचं तर अदालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने डिसेंबर २०१४ मध्ये आणलं. आपल्याकडे पहिला प्रश्न किमतीचा असतो, आगीचा नंतर, आणि ते साहजिकच आहे. पण आता पर्याय वाढलेत, तर डॉक्टरांना आणि औषधवाल्याला एक प्रश्न जरूर विचारावा : "यात सायट्रेट आहे का?" खोक्यातल्या माहितीपत्रकात घटकांची यादी असते.

आणि ज्यांना पर्याय नाही त्यांच्यासाठी, परिचारिकांनी आणि रुग्णांनी मिळून घडवलेलं एक ज्ञान आहे. त्यासाठी कोणाला नोबेल मिळालं नाही. इंजेक्शन फ्रिजमधून काढून, टोपण न काढता, पंधरा ते तीस मिनिटं बाहेर ठेवा, किती वेळ ते आपल्या औषधाच्या पत्रकात पाहून. गरम पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको, प्रथिन बिघडतं. स्पिरिटने पुसल्यावर जागा पूर्ण वाळू द्या, ओलं स्पिरिट सुईबरोबर आत गेलं की झोंबतं. मांडी आणि पोट, जागा आलटून पालटून घ्या. वळ, व्रण, सूज असलेली जागा टाळा. टोचल्यावर चोळू नका. पेनाऐवजी साधी सिरिंज मिळत असेल तर वेग आपल्या हातात राहतो, काहींना तेच बरं वाटतं.

हे सगळं क्षुल्लक आहे का? दर दोन आठवड्यांनी, वर्षानुवर्षं टोचून घेणाऱ्या माणसाला विचारा. आग होते म्हणून डोस दोन दिवस पुढे ढकलला जातो, मग चार दिवस, मग एखादा राहूनच जातो, आणि सांधे पुन्हा सुजतात. मग कागदावर लिहिलं जातं, 'औषध लागू पडलं नाही'. औषध लागू पडत होतं, ते घेववत नव्हतं. सोनं, कॉर्टिझोन, टीएनएफ या मोठ्या शोधांच्या शेजारी एका क्षाराला काढून टाकण्याचा हा छोटा शोध म्हणूनच मांडायला हवा. वैद्यकाच्या इतिहासात औषध काय करतं याची नोंद भरपूर सापडते. ते घेणाऱ्याला काय वाटतं याची नोंद उशिरा सुरू झाली, आणि जिथे सुरू झाली तिथे सुधारणा झाली.

इथे थांबतो. आता आपल्या प्रश्नांकडे वळू या.