खर्जाचा सूर आणि खोपोलीचे पाणी



इतिहासाच्या भाषणात गडकोट यावेत, मोहिमा याव्यात, जुने कागद यावेत, अशी आपली अपेक्षा असते, आणि ती काही चुकीची नाही. आज मात्र मी बोलणार आहे ते बेस गिटार नावाच्या वाद्याबद्दल आणि त्याला जोडायच्या ॲम्प्लिफायरबद्दल. शिक्षक मंडळींनी लगेच रेडिओ बंद करू नये. यंत्रांनाही इतिहास असतो, आणि या यंत्राचे मर्म कळायला शिळफाट्याच्या शेजारी, खोपोलीला जावे लागते.

आधी वाद्याची ओळख करून घेऊ. बेस गिटारला चार जाड तारा असतात. त्यांतली सर्वांत खालची तार सेकंदाला ४१ वेळा कंप पावते. साध्या गिटारच्या खालच्या तारेची कंपने ८२, म्हणजे बरोबर दुप्पट. आपल्या गवयांच्या भाषेत सांगायचे तर पुरुष गवयाच्या मंद्र षड्जाच्याही खालचा हा सूर. गाण्यात तो फारसा कोणी लक्ष देऊन ऐकत नाही. पण काढून घेतला की गाणे पोकळ वाटू लागते. घराचा जोता जसा कोणी पाहत नाही, तसेच हे.

आता खोपोली. १९१५ सालच्या फेब्रुवारीत मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते टाटांचे जलविद्युत केंद्र येथे सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे पावसाचे पाणी अडवायचे, ते लोखंडी नळांतून सुमारे सतराशे फूट खाली उतरवायचे आणि त्यावर चक्रे फिरवायची, अशी ही योजना. त्या नळांच्या तोंडाशी झडपा आहेत. झडप फिरवायला लागणारे बळ ते केवढे, आणि त्यामुळे सुटणाऱ्या पाण्याचे बळ ते केवढे! हातातले बळ पाण्यात जात नाही. हात फक्त हुकूम देतो. काम तळे करते.

ॲम्प्लिफायर म्हणजे नेमके हेच. तो आवाज ‘मोठा करतो’ असे आपण म्हणतो खरे, पण गिटारच्या तारेतून येणारा विजेचा क्षीण प्रवाह हा केवळ झडप हलवणारा हात असतो. स्पीकरचा पडदा ढकलणारी खरी शक्ती भिंतीवरच्या प्लगातून येते, ॲम्प्लिफायरच्या पोटात साठते आणि झडपेच्या हुकुमाबरहुकूम बाहेर सोडली जाते. ली डी फॉरेस्ट या अमेरिकन माणसाने १९०६ साली तीन पट्ट्यांची काचेची नळी बनवली. पुढे तिलाच ‘व्हॉल्व्ह’, म्हणजे झडप, असे नाव इंग्रजांनी दिले. नाव अगदी चपखल आहे.

योगायोग पाहा. खोपोलीचे केंद्र सुरू झाले त्याच १९१५ साली कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी जाहीर सभेत आवाज पोचवणारा कर्णा लोकांपुढे आणला. १९१९ साली सान डिएगो येथे अध्यक्ष विल्सन अशाच कर्ण्यांतून हजारोंच्या सभेशी बोलले. आपल्या देशात हे काम मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ने केले. गांधीजींचा आवाज मुळात बारीक. मागच्या लोकांपर्यंत तो पोचेना. १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये नानिक मोटवाने यांनी ध्वनिक्षेपक बसवले. पुढच्या कितीतरी छायाचित्रांत नेत्यांच्या तोंडासमोरच्या मायक्रोफोनवर ‘शिकागो रेडिओ’ ही अक्षरे दिसतात, ती यामुळेच.

देशाच्या राजकारणात या कर्ण्याने काय घडवले, हे स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. मला आज दुसरीच गोष्ट सांगायची आहे. तो कर्णा बोलण्यासाठी जन्मला होता, गाण्यासाठी नव्हे.

का, ते सांगतो. माणसाचे बोलणे समजायला साधारण तीनशे ते तीन हजार कंपनांचा पट्टा पुरतो. दीड-दोन फुटी तोंडाचा पत्र्याचा कर्णा तेवढेच उत्तम फेकतो, आणि थोड्या वॅटमध्ये शेतापलीकडे पोचवतो. पण ४१ कंपनांच्या सुराची एक लाट हवेत सुमारे सत्तावीस फूट लांब असते. बैलगाडी बैलांसकट उभी केली तरी जागा उरेल! दीड फुटाच्या तोंडातून ही लाट निघायची कशी? शिवाय लांबच्या कर्ण्यांपर्यंत तार न्यायची म्हणून मशीनला शंभर व्होल्टची लाईन असे, आणि प्रत्येक कर्ण्याला एक छोटा ट्रान्सफॉर्मर. खर्जाचा सूर आला की त्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचे लोखंड भरून जाते आणि सूर फाटतो. म्हणून कारखानदारच खालचे सूर आधी छाटून टाकत. परिणाम असा झाला की आपल्या खेड्यांनी निदान दोन पिढ्या लग्नातली, उरुसातली, गणपतीतली गाणी कर्ण्यावर ऐकली आणि त्यांत खर्ज नव्हताच. ढोलाचा घुमारा अंगणात प्रत्यक्ष ऐकायचा; कर्ण्यातून यायची ती फक्त टिपरीची टणटण.

वीज नव्हती, हेही एक कारण होते. खोपोलीची वीज खालापूर-कर्जतच्या डोक्यावरून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. तारांखालच्या वाड्या कंदिलावर राहिल्या. (मुंबईला वीज नेणारे मनोरे १९४२ च्या लढ्यात भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने पाडले, ही याच मुलखातली गोष्ट. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवालांना वीरमरण आले.) तेव्हा खेड्यातले मशीन चाले मोटारीच्या बॅटरीवर. हिशेब करून पाहा. खर्जासाठी तीनशे वॅट हवेत, आणि मशीन निम्मी वीज उष्णतेत घालवते असे धरले, तर बारा व्होल्टच्या बॅटरीतून पन्नास अँपिअर ओढावे लागतील. मोटारीची बॅटरी तासाभरात बसेल. तळेच नाही, तर झडप कितीही मोठी असून काय उपयोग?

अमेरिकेत बेसच्या मार्गातली अडचण वेगळी होती. तेथे माणसाएवढा उंच लाकडी डबल बेस वाजवीत. पण बँडमधल्या पितळी वाद्यांपुढे तो ऐकूच येत नसे. रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ साली गळ्यात अडकवता येईल असा विजेचा बेस काढला, आणि पुढच्याच वर्षी त्यासाठी ‘बेसमन’ नावाचा ॲम्प्लिफायर. त्याची शक्ती पंचवीस वॅटच्या आसपास आणि स्पीकर पंधरा इंची, एकच. गंमत अशी की पुढे हा बेसमन बेसवाल्यांपेक्षा साध्या गिटारवाल्यांनाच जास्त आवडला, कारण जोर दिला की तो फाटे आणि ते फाटणे त्यांना गोड वाटे. बेसवाल्याला फाटलेला सूर नको होता. १९६० साली अँपेग कंपनीने जो ‘पोर्टाफ्लेक्स’ काढला तोही पंचवीस वॅटचाच. स्टुडिओत तो फार नावाजला, मैदानात अपुरा पडला. मग १९६९ साली त्याच कंपनीने ‘एस.व्ही.टी.’ आणला. तीनशे वॅट, चौदा नळ्या, नुसत्या डोक्याचे वजन जवळजवळ चाळीस किलो, आणि सोबत दहा इंची आठ-आठ स्पीकरचे दोन डबे. रोलिंग स्टोन्स या इंग्रज वाद्यवृंदाने त्या वर्षीच्या दौऱ्यात तो वापरला.

सतरा वर्षांत पंचवीसचे तीनशे कशाला झाले? कोणी म्हणेल, हौस. पण याचे उत्तर आपल्या कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ सालीच दाखवून दिले होते की माणसाचा कान खालच्या सुरांना बराच बहिरा असतो. हळू आवाजात हजार कंपनांचा सूर जेवढा ऐकू येतो, तेवढाच चाळीस कंपनांचा सूर ऐकू यायला हजारो पट अधिक शक्ती लागते. आवाज वाढवला की हा फरक कमी होतो, पण मिटत नाही. बेसच्या ॲम्प्लिफायरचा सगळा इतिहास म्हणजे या बहिरेपणाशी केलेला झगडा आहे, असे माझे मत आहे.

आपल्याकडे हा सूर आला मुंबईच्या चित्रपटसंगीतातून, आणि तो आणण्यात गोव्याच्या वादकांचा वाटा मोठा. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले टोनी वाझ हे नाव जाणकारांना ठाऊक आहे. रेकॉर्डवर खर्ज उमटला, तसा तो रंगमंचावर हवासा झाला. तोवर ट्रान्झिस्टर आला होता. १९४७ साली त्याचा शोध लागला. १९६७ साली अमेरिकेतल्या क्राउन कंपनीने दर बाजूला दीडशे वॅटचा नळीविरहित ॲम्प्लिफायर काढला. आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘२एन३०५५’ नावाचा बशीसारखा ट्रान्झिस्टर घेऊन कितीतरी हौशी कारागिरांनी घरच्या घरी मशीन जुळवले. आता बाजारात ‘क्लास डी’ जातीचे मशीन मिळते. त्यात झडप अर्धवट उघडी राहतच नाही. सेकंदाला लाखो वेळा पूर्ण उघडते आणि पूर्ण मिटते, त्यामुळे वीज उष्णतेत फारशी वाया जात नाही. पाचशे वॅटचे डोके दोन-तीन किलोत बसते. एस.व्ही.टी. उचलणाऱ्याला हे सांगितले असते तर त्याने वेड्यात काढले असते.

आता आपल्या भागात येऊ. शिळफाटा, खालापूर, कर्जत या पट्ट्यात लग्नसराईला बेंजो पार्ट्या असतात. हा बेंजो म्हणजे १९१२ साली जपानात नागोया येथे निघालेल्या एका वाद्याचा आपल्याकडचा वंशज, हे वाजवणाऱ्यांनाही सहसा माहीत नसते; असो. अशाच एका पार्टीत माझा एक जुना विद्यार्थी बेस गिटार वाजवू लागला. हंगामाची कमाई साठवून मंडळींनी ॲम्प्लिफायर घ्यायचे ठरवले आणि तो विचारायला आला, “सर, दीड हजार वॅटचा घेऊ का तीन हजारांचा?”

मी म्हटले, “अरे, मी इतिहासाचा माणूस.”

“म्हणूनच विचारतो, सर. दुकानदार फक्त आजचं सांगतो.”

त्याला जे सांगितले ते थोडक्यात असे. वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही. तीनच डेसिबल वाढतो, कानाला जेमतेम कळेल एवढा. दुप्पट मोठा वाटायला दहापट वॅट लागतात. उलट, स्पीकरचा डबा जर एका वॅटला तीन डेसिबल अधिक देणारा निवडला, तर तेच काम फुकटात होते. म्हणजे आधी डबा, मग मशीन. जाहिरातीत ‘पी.एम.पी.ओ.’ म्हणून छापलेला हजारोंचा आकडा सोडून द्यायचा. सतत किती वॅट आणि किती ओहमला, तेवढे विचारायचे. आठ ओहमचे दोन डबे शेजारी-शेजारी जोडले की मशीनला चार ओहमच दिसतात, आणि चार ओहमला जे मशीन टिकत नाही ते भर वरातीत बसते.

“मग लहानच मशीन घेऊन फुल्ल ठेवलं तर?” त्याने विचारले.

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण बहुतेकांचे पैसे येथेच बुडतात. खर्जाचा सूर झडप सताड उघडतो आणि बराच वेळ उघडी ठेवतो. तळे लहान असेल तर सुराची लाट माथ्यावर कापली जाते. कापलेल्या लाटेत नको ते तीव्र सूर मिसळतात आणि वरच्या ‘टॉप’चे नाजूक युनिट जळते. दोष खालच्या सुराचा, जळते वरचे. म्हणून डब्याच्या सतत पेलायच्या ताकदीच्या दीडपट-दुप्पट मशीन घ्यावे आणि ते निम्म्यावर वाजवावे. ही शिल्लक वाजवण्यासाठी नसते. वळवणच्या धरणात उन्हाळ्यासाठी राखलेल्या पाण्यासारखी असते. आणि हो, जनरेटरपासून बारीक वायर शंभर फूट ओढली तर तळ्यातले पाणी वाटेतच आटते, हेही त्याला बजावले.

शिल्लक राखायची सोडून ती उधळायची, हे आपल्याकडे पुढे डीजेच्या भिंतींनी केले. खर्जाची लाट भिंतीला दाद देत नाही. शेजारच्या घरात गाणे पोचत नाही, धडधड तेवढी पोचते, आणि पाळण्यातल्या पोराला ती छातीत लागते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. दोन पिढ्या ज्यांना खर्ज मिळालाच नाही, त्यांची नातवंडे तो मिळताच त्यात बुडाली, असे मला कधी कधी वाटते. पण म्हणून खर्जच वाईट ठरवणे हाही अन्याय आहे.

त्या मुलांनी अखेर चार ओहमला आठशे वॅट देणारे मशीन घेतले आणि पंधरा इंची स्पीकरचा, आठ ओहमचा एक डबा. मशीनचा काटा ते निम्म्याच्या वर नेत नाहीत. दुसरा डबा दिवाळीनंतर घ्यायचा विचार आहे.