तीन मिनिटं वीस सेकंद

लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात, नील स्ट्रीटवर, १९७७ साली ‘रॉक्सी’ नावाचा क्लब चालत असे. पंक, म्हणजे झटपट आणि कर्कश रॉक वाजवणाऱ्या बँडांना दारातून हाकलत नाहीत, उलट बोलावून वाजवू देतात, अशा जागा तेव्हा शहरात जवळजवळ नव्हत्याच. दोन बँडांच्या मधल्या वेळात तबकड्या लावायचं काम डॉन लेट्स या विशीतल्या तरुणाकडे होतं. आईबाप जमैकाचे, जन्म लंडनचा. पंकच्या तबकड्या अजून फारशा निघालेल्याच नव्हत्या, म्हणून तो आपल्याजवळचं रेगे लावायचा आणि समोरची गोरी पोरं खुशाल त्यावर डुलायची. कॅरोलिन बेकर या फॅशन-संपादिकेने त्याला एक सुपर ८ कॅमेरा दिला. लेट्स समोर दिसेल ते टिपू लागला. तो पंकवर चित्रपट काढतोय अशी बातमी एका संगीत-साप्ताहिकात छापून आली, ती वाचून त्याला वाटलं, की कल्पना काही वाईट नाही. हे त्यानेच पुढे अनेकदा सांगितलंय. ‘द पंक रॉक मूव्ही’ (१९७८) हा चित्रपट असा जन्माला आला.

सुपर ८ ही कोडॅकने १९६५ साली बाजारात आणलेली चीज. मुलांचे वाढदिवस, समुद्रकिनाऱ्यावरची सुटी असलं घरगुती चित्रण करण्यासाठी काढलेली. फिल्म प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत बंद यायची. डबी कॅमेऱ्यात खटकन बसवायची की काम सुरू. फिल्म ओवण्याची कटकट नाही, त्यामुळे अंधाऱ्या गर्दीत धक्के खातही ती बदलता येई. डबीत पन्नास फूट फिल्म. सेकंदाला १८ चौकटींच्या वेगाने ती तीन मिनिटं वीस सेकंद चाले आणि संपे. स्टुडिओतल्या कॅमेरामनने याला हात लावला नसता. पण रामोन्स या न्यूयॉर्कच्या बँडच्या १९७६ सालच्या पहिल्या अल्बमवर १४ गाणी होती आणि ती सगळी मिळून २९ मिनिटांत आटपत. गाणं दोन मिनिटांचं, रीळ तीन मिनिटांचं. हिशेब बरोबर जुळत होता.

त्यात ही फिल्म बहुतेक रिव्हर्सल जातीची, म्हणजे वेगळी निगेटिव्ह नाहीच. धुऊन आली तीच पट्टी प्रोजेक्टरवर चढायची आणि खेळागणिक तिच्यावर ओरखडे पडायचे. आज जाहिरातवाले पैसे मोजून जो खरखरीत, डागाळलेला ‘पंक लूक’ बनवून घेतात, त्याचं मूळ या ओढाताणीत आहे.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांवर माहितीपट आधीही निघत होते. १९६०च्या सुमारास अमेरिकेत खांद्यावर पेलता येणारा १६ मिलिमीटरचा कॅमेरा आणि त्याच्याशी जुळून चालणारं ध्वनिमुद्रण हाताशी आलं. त्यातून डी. ए. पेनेबेकरचा बॉब डिलनवरचा ‘डोन्ट लुक बॅक’ (१९६७) आला; मेजल्स बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांचा रोलिंग स्टोन्सवरचा ‘गिमी शेल्टर’ (१९७०) आला. मात्र ही मंडळी आधीच जगप्रसिद्ध होती. न्यूयॉर्कच्या बावरी रस्त्यावर ‘सीबीजीबी’ नावाच्या कळकट बारमध्ये १९७५च्या आसपास जे वाजवत होते, त्यांच्यामागे कॅमेरा घेऊन धावायला कोण येणार? तिथे कॅमेरा आला तो बँडवाल्याच्याच हातातून.

इव्हान क्राल हा मूळचा प्रागचा, पॅटी स्मिथच्या बँडमधला वादक. त्याने आणि चित्रपटकार एमस पो याने टेलिव्हिजन, टॉकिंग हेड्स, ब्लॉन्डी, रामोन्स या बँडांचं चित्रण केलं. कृष्णधवल आणि मुकं. आवाज सोबत पकडणारी यंत्रणा खिशाला झेपणारी नव्हती, म्हणून गाणी वेगळ्या ध्वनिमुद्रणांतून घेतली आणि चित्रावर नुसती चढवली. ‘द ब्लँक जनरेशन’ (१९७६) बघताना गायकाचे ओठ एक म्हणतात आणि कानावर दुसरंच पडतं. काठी ड्रमवर आदळते, ठोका भलतीकडेच. पहिली पाच मिनिटं चीड येते. मग लक्षात येतं, की चित्र आणि आवाज यांची फारकत या बँडांच्या वाजवण्याशी फटकून अजिबात नाही. पंक-माहितीपटांच्या कुळाचा मूळपुरुष शोधायचा तर तो हाच चित्रपट.

पुढच्या दोन-तीन वर्षांत रांग लागली. म्युनिकहून वुल्फगँग ब्यूल्ड लंडनला आला आणि ‘पंक इन लंडन’ (१९७७) काढून गेला. लेक कोवाल्स्की १९७८च्या जानेवारीत लंडनच्या सेक्स पिस्टल्स या बँडच्या अमेरिका दौऱ्यामागे लागला, त्याच्या ‘डी.ओ.ए.’ (१९८०) मध्ये त्यांचा बेसवादक सिड व्हिशस पलंगावरच्या मुलाखतीत बोलता बोलता झोपी जातो. दिग्दर्शकाने प्रसंग कापला नाही. कापायला हवा होता का, यावर अजून दोन मतं आहेत.

दरम्यान संगीताचा नूर पालटला होता. आरडाओरडा ओसरला, बेस गिटार पुढे आली, गाणी लांब आणि गार झाली. या वळणाला पोस्ट-पंक म्हणतात आणि त्याचं एक मोठं ठाणं मँचेस्टर. मार्च १९७९ मध्ये जवळच्याच बोडन व्हेल या गावातल्या युथ क्लबात, म्हणजे पोरांनी टेबल टेनिस खेळायच्या छापाच्या जागेत, जॉय डिव्हिजन हा बँड वाजवत होता. माल्कम व्हाइटहेड सुपर ८ घेऊन तिथे पोचला. त्यातून त्याने १७ मिनिटांची फिल्म केली. पुढच्या वर्षी, १८ मे १९८० रोजी, गायक इयन कर्टिसने आत्महत्या केली, वय २३. बँडचं हलतं चित्रण तेवढ्यात जे काही झालं होतं ते झालं, पुढे काही होणार नव्हतं. ग्रँट गी याने २००७ साली ‘जॉय डिव्हिजन’ हा माहितीपट काढला तेव्हा आठवणी सांगणारे भरपूर होते, चित्रण मूठभर.

या प्रकाराला शिस्त लावली ती मात्र पेनलपी स्फिअरिस या बाईंनी. डिसेंबर १९७९ ते मे १९८० या काळात त्यांनी लॉस एंजेलिसमधले ब्लॅक फ्लॅग, जर्म्स, एक्स, फिअर असे बँड चित्रित केले आणि ‘द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन’ (१९८१) तयार झाला. त्यांची एक युक्ती बघण्यासारखी आहे. क्लबात येणाऱ्या पोरापोरींच्या मुलाखती त्यांनी एका उघड्या, लोंबत्या बल्बशेजारी घेतल्या. मागे कोरी भिंत, बाजूला बल्ब, समोर सोळा-सतरा वर्षांचा चेहरा. मारामाऱ्या का करतोस याचं उत्तर तो शोधतोय आणि त्याला ते सापडत नाहीये. निवेदकाचा भारदस्त आवाज नाही, समाजशास्त्रज्ञ नाही. शिवाय गाणी चालू असताना शब्द पडद्यावर खाली उमटतात, कारण नुसतं ऐकून एकही शब्द कळण्याची सोय नाही. ज्या गाण्यांना लोक निव्वळ गोंगाट समजत होते, त्यांत कुणीतरी वाक्यं लिहिली आहेत हे त्या पट्टीमुळे समजलं.

चित्रपटाच्या भित्तिपत्रकावर जर्म्सचा गायक डार्बी क्रॅश डोळे मिटून रंगमंचावर पडलेला दिसतो. चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच, डिसेंबर १९८० मध्ये, तो वारला. प्रदर्शनाच्या वेळी पोलिसांचा ताफा रस्त्यावर उतरला आणि शहराचे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांनी हा चित्रपट गावात पुन्हा दाखवू नये, असं पत्र धाडलं. त्याच चित्रपटाला २०१६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत जतनासाठी स्थान मिळालं. सरकारं अशी वळतात, फक्त पस्तीस वर्षं लागतात.

लेनिनग्राडमध्ये हीच गोष्ट उलट्या बाजूने घडली. तिथल्या रॉकवाल्यांना वर्षानुवर्षं अधिकृत मान्यता नव्हती, पण पेरेस्त्रोइकाचे, म्हणजे सोव्हिएत राजवटीतल्या सुधारणांचे वारे सुटताच अलेक्सेई उचितेल याने त्यांच्यावर ‘रॉक’ (१९८७) हा माहितीपट काढला. त्यात ‘किनो’ बँडचा व्हिक्टर त्सोय बॉयलर-खोलीत फावड्याने भट्टीत कोळसा लोटताना दिसतो. प्रसंग रचलेला नाही. तो खरोखरच तिथे नोकरीला होता. देशभर पोरं ज्याची गाणी कॅसेटवर उतरवून घेत होती, तो माणूस काळ्या हातांनी भट्टीचं झाकण लावतो आणि कॅमेऱ्याकडे फारसं लक्षही देत नाही. १९९० साली मोटार-अपघातात तो गेला, २८ वर्षांचा असताना.

शतक पालटण्याच्या सुमारास संकलन संगणकावर आलं, डीव्हीडीची बाजारपेठ उभी राहिली आणि दर बँडामागे एक माहितीपट निघू लागला. साचाही ठरला: पोट सुटलेले वादक, मागे पुस्तकांचं कपाट, कौतुक करणारा एखादा प्रसिद्ध चाहता, मध्येमध्ये तीच जुनी रिळं. जुलियन टेम्पलने ‘द फिल्थ अँड द फ्युरी’ (२०००) मध्ये यावर तोड काढली. त्याने सेक्स पिस्टल्सच्या उतारवयातल्या चेहऱ्यांवर अंधार ठेवला; आवाज आजचा, चित्र तेव्हाचं. जेम कोहेनने त्याआधीच याहून अवघड वाट धरली होती. फुगाझी या वॉशिंग्टनच्या बँडबरोबर तो दहा वर्षांहून अधिक काळ कॅमेरा घेऊन राहिला. ‘इन्स्ट्रुमेंट’ (१९९९) मध्ये तो बराच वेळ कार्यक्रमाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या लोकांकडे टक लावून बघतो. त्यांना काही विचारत नाही. या संपूर्ण कुळात इतका संयम दुसऱ्या कुणाला जमलेला नाही.

साच्यातल्या चित्रपटांची खरी अडचण कंटाळा ही नाही. १९७७च्या दोन-चार महिन्यांत ज्यांच्यासमोर कॅमेरा होता, त्यांचाच इतिहास पुन्हा पुन्हा सांगितला जातो. डॉन लेट्स हा काळा तरुण रॉक्सीत होता आणि स्लिट्स या मुलींच्या बँडबरोबर त्याचं चांगलं सूत होतं, म्हणून स्लिट्सचे अगदी कोवळे दिवस आज बघायला मिळतात. त्यांच्याइतक्याच जोरकस कितीतरी बँडांच्या नशिबी एखादंच छायाचित्र आलं. कधीकधी ही उणीव घरच्या माणसांनी भरून काढली. एक्स-रे स्पेक्स या बँडची गायिका पॉली स्टायरिन २०११ साली गेली. तिची मुलगी सेलेस्ट बेल हिने आईने मागे ठेवलेले कागद आणि चित्रं उपसून पॉल संग याच्याबरोबर ‘पॉली स्टायरिन: आय अ‍ॅम अ क्लिशे’ (२०२१) काढला. स्फिअरिस यांनी ‘डिक्लाइन’चे पुढे आणखी दोन भाग काढले; त्या तिन्ही चित्रपटांचा संच २०१५ साली बाजारात आला, त्यामागेही त्यांच्या मुलीचाच लकडा होता.

ज्याला या वाटेने जायचंय त्याने स्फिअरिस यांच्या पहिल्या ‘डिक्लाइन’पासून सुरुवात करावी, मग लेट्स, मग कोहेन. ‘द ब्लँक जनरेशन’ शेवटी बघा, आणि ओठ-आवाज जुळत नाहीत म्हणून प्लेयर तपासत बसू नका.