रावपुऱ्याचा टॉवर कोणाचा?

‘टॉवरपाशी भेटू,’ असे आम्ही बडोदेकर नेहमी म्हणतो. पण रावपुऱ्यातला हा टॉवर कोणाच्या स्मरणार्थ आहे, हे मुलांना सांगत नाही. सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई या तंजावरच्या मोहित्यांच्या कन्या. माहेरचे नाव लक्ष्मीबाई. १८८० साली त्या बडोद्यास आल्या आणि १८८५ साली ऐन तारुण्यात क्षयाने गेल्या. १८९६ साली नागरिकांनी आणि संस्थानच्या नोकरवर्गाने वर्गणी काढून हा घड्याळाचा टॉवर उभारला. महाराजांच्या दुसऱ्या पत्नीचे नावही चिमणाबाईच, त्यामुळे पहिल्या बाईसाहेब विस्मरणात गेल्या. वर्गणीचे मोल आम्हा उत्सव करणाऱ्यांना ठाऊक आहे. यंदा गणपती पाहायला निघालो की टॉवरखाली क्षणभर थांबून मुलांना हे नाव सांगू या.